झालं म्हणू नको

अधुरे सरांसमोर ‘झालं’ म्हणायची आमच्या दवाखान्यात कोणाची छाती नव्हती. नुसतं ‘झालं’ कानावर पडलं की मान वर करून ते विचारायचे, “काय झालं? कोणाचं झालं? कुठवर झालं?” एकदा हिशेब विभागातल्या बाई हौसेनं सांगायला आल्या, “सर, पगारपत्रक झालं.” सरांच्या तीन प्रश्नांपुढे त्या बिचाऱ्या अशा गडबडल्या की परत जाऊन त्यांनी पगारपत्रकच पुन्हा तपासलं. चूक काहीच निघाली नाही. सरांबद्दल मात्र त्या दिवसभर पुटपुटत होत्या.

अधुरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ह्या माणसाच्या लेखी जगात कधीच काही पुरं होत नाही, म्हणून कोणीतरी हे नाव चिकटवलं आणि ते पक्कं बसलं. नवीन आलेल्या एका डॉक्टरांना ते खरंच वाटलं. त्यांनी वाढदिवसाला आणलेल्या केकवर ठळक अक्षरांत ‘अधुरे सर’ असं लिहून आणलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. सरांनी केक नीट वाचला आणि म्हणाले, “नाव बराबर हाय. पन केक बी अधुराच आनला तुम्ही, सुरी कुठं हाय?”

आमचा दवाखाना खामगावच्या कडेला, धर्मादाय. संग्रामपुराकडची, नांदुऱ्याकडची माणसं रक्तासाठी आमच्याच रक्तपेढीत येतात. रक्तपेढीच्या शीतकपाटांना लागून एक छोटी थंड खोली आहे, तिथे आमचे दोन सर्व्हर. सरांनी त्यांची नावं थोरला आणि धाकटा अशी ठेवली होती. कोणती पिशवी कोणत्या गटाची, कोणती तपासून झालेली, कोणती कोणाच्या नावावर राखून ठेवलेली, हे सगळं थोरल्याच्या पोटात. धाकटा त्याच्या शेजारी तीच माहिती घेऊन तयारीत उभा, थोरला पडला तर हा. मी रोज नांदुऱ्याहून एसटीनं येऊन सरांच्या हाताखाली ही दोन पोरं सांभाळायचे. नोकरी सरकारी नसूनही माझी आई लोकांना ‘लेक मोठ्या मशीनवर आहे’ असं सांगायची, आणि मी त्या मशीनला घाबरून असायचे.

घाबरायचं कारण म्हणजे फर्मवेअर. मशीनच्या प्रत्येक भागाच्या आत, डिस्क असो की पंखा, कसं वागायचं ह्याची थोडी अक्कल कारखान्यातूनच भरून दिलेली असते. ती जुनी झाली, तिच्यात खोट निघाली, की कंपनी नवीन पाठवते आणि आपण ती काळ्या पडद्यावर कमांड देऊन आत लिहायची. लिहिताना मध्येच वीज गेली, तर तो भाग ना जुना राहतो ना नवा होतो. नुसती वीट होते. म्हणून सर आधी कंपनीचं टिपण शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मग उतरवून घेतलेली फाइल खरीच आहे का हे बघायला तिच्यासोबत आलेला लांबलचक अक्षरांचा ठसा जुळवायचे. एक ओळ ते वाचणार, एक मी. माझं चित्त जरा ढळलं की सुरुवातीपासून.

“मशीनले ‘तू नवीन झाला ना रे’ असं इचारायचं नसते,” हे त्यांचं दुसरं म्हणणं. ते रक्तपेढीतल्या सिस्टरांकडून आलेलं. सिस्टर रक्त चढवण्याआधी पेशंटला कधीच ‘तुम्ही सुनीताबाई ना?’ असं विचारत नाहीत. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. त्या म्हणतात, ‘नाव सांगा.’ मग पेशंटनं आपल्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, तेव्हा पिशवी लागणार. सरांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सर्व्हरला लावली. कमांडनं ‘यशस्वी’ असं दाखवलं तरी ते ढिम्म हलायचे नाहीत. मशीन बंद होऊन पुन्हा उठणार, मग तिला आतल्या फर्मवेअरचं व्हर्जन विचारायचं, आणि तिनं स्वतः सांगितलं की मगच सरांचा जीव भांड्यात पडायचा.

तोवर हात कीबोर्डला लागता कामा नये. “हात काढ वं माय,” असं म्हणून ते स्वतःचे दोन्ही हात काखेत घालून बसायचे. मीही तशीच. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला आम्ही दोघं थंडीनं काकडतोय असंच वाटत असेल. खरं तर मला घाम फुटलेला असायचा.

आता ‘झालं’ ह्या शब्दाशी त्यांचं वैर कसं पडलं ते सांगते, कारण मी तिथे होते.

एके दिवशी कंपनीचं पत्र आलं. आमच्याकडे होत्या त्याच जातीच्या डिस्कमध्ये खोट निघाली होती. ठरावीक तास चालल्या की त्या एकाएकी बंद पडणार आणि आतलं काहीही परत मिळणार नाही. उपाय एकच, त्याआधी फर्मवेअर बदला. सरांनी काळ्या पडद्यावर डिस्कना त्यांचे तास विचारले आणि त्यांचा चेहरा उतरला. थोरला आणि धाकटा दोघंही एकाच दिवशी सुरू केलेले, दोघांच्या डिस्कचं वय सारखं. जेमतेम आठवडा हाती होता. रोजची प्रत आम्ही वेगळी ठेवायचो, पण तिच्यातून सगळं पुन्हा उभं करायला दोन दिवस तरी लागले असते, आणि तेवढा वेळ रक्तपेढी आंधळी झाली असती. त्याच दिवशी सकाळी बाळंतपणात अडलेली एक बाई आमच्याकडून दोन पिशव्या घेऊन वाचली होती. सर मला एवढंच म्हणाले, “तिले जर थांबा म्हनावं लागलं असतं तं?”

रविवारी धाकट्यापासून सुरुवात केली. धोका आधी धाकट्यानं घ्यायचा, आणि त्यातही एका वेळी एकच डिस्क, हा सरांचा नेम. प्रत्येक सर्व्हरच्या दोन डिस्कमध्ये माहिती सारखीच असते, त्यामुळे एक गेली तरी दुसरी उरते. खाली तळमजल्यावर आमचा वायरमन गजानन, वीज गेली तर धाकट्याला चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या बदलायला येऊन बसला होता. आमचं काम संपलं की त्यानं धाकट्याचा वीजपुरवठा बंद करून बॅटऱ्या काढायच्या, असं ठरलेलं. फाइलचा ठसा जुळवता जुळवता दुपार झाली. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, माझ्यासाठीही भाकरी आणि ठेचा दिला होता. आम्ही आळीपाळीनं जेवून घेतलं, सरांनी कमांड मोठ्यानं वाचली, एंटर मारलं आणि हात काखेत घातले. लिहिणं सुरू झालं.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. गजानन होता. आमच्याकडे दुपारच्या फोनची एक रीत आहे. जेवणाची चौकशी केल्याशिवाय कोणी कामाचं बोलत नाही, आणि जेवण हा शब्दही कोणी उच्चारत नाही.

“सर, झालं काय?” गजाननानं विचारलं.

“हाव, झालं आताच. तुहं?” सर म्हणाले.

पलीकडून फोन कट झाला. धाकट्याचे पंखे एकदम थांबले. पडदा काळा तर होताच, आता त्याच्यावर अक्षरही उरलं नाही. सर फोन कानाला लावून तसेच उभे. मी अजूनही ती शांतता विसरले नाही. दवाखान्यात कुठे पंखा थांबला की मी आजही आधी सर्व्हरच्या खोलीकडे धावते.

पहिली डिस्क गेली ती गेलीच. दुसरी वाचली, कारण तिला आम्ही हातच लावला नव्हता. गजानन धावत वर आला, त्याला काय घडलं हे कळलं आणि तो खोलीच्या दारातच खाली बसला. “सर, तुम्हीच तं म्हटलं झालं म्हनून,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. सरांनी त्याला उठवलं, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बोलावलं तेव्हा गजाननाचं नाव कोणी काढायच्या आत ते म्हणाले, “चूक माही हाय. त्यानं कामाचं इचारलं, म्या जेवनाचं सांगितलं.” व्यवस्थापक पुण्याकडचे, त्यांना ह्यातलं अक्षर कळलं नाही.

नवीन डिस्क यायला वेळ लागणार होता, तितका आमच्याकडे नव्हता. धाकट्याच्या उरलेल्या डिस्कचं फर्मवेअर सरांनी त्याच आठवड्यात बदललं, पण तो आता एका पायावर उभा होता, आणि थोरला अजून तसाच होता. थोरल्याच्या दिवशी सरांनी गजाननाला खाली ठेवलंच नाही. त्याला खोलीतच स्टुलावर बसवलं, त्याचा फोन काढून घेतला, स्वतःचा बंद केला आणि म्हणाले, “आजपासून ह्या खोलीत झालं म्हनायचं नाई. काय झालं ते पुरं बोलायचं.” तिघांचे सहा हात काखेत. पहिली डिस्क लिहून निघाली, ‘यशस्वी’ आलं, कोणी बोललं नाही. दुसरी निघाली, कोणी बोललं नाही. मग थोरला पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा होता. पंखे थांबले. ते पुन्हा फिरेपर्यंत मी कोणकोणत्या देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. फिरले. सरांनी व्हर्जन विचारलं, थोरल्यानं दोन्ही डिस्कचं नवं सांगितलं. गजाननानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग हळूच म्हणाला, “सर, थोरल्याच्या दोन्ही डिस्कचं फर्मवेअर नवं झालं आन् तो उठला बी.” सर हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले.

तेव्हापासून ते अधुरे. घरीसुद्धा तेच. काकू सांगायच्या, “भाजी झाली म्हटलं तं इचारतात, शिजली का उतरवली?” वैतागून सांगायच्या, पण नवऱ्याची ही खोड चारचौघांत सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा.

मग सरांच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला बायपास ठरली. डॉक्टरांनी पुढे नोकरी नको असंही बजावलं, त्यामुळे खोलीची किल्ली द्यायला ते आले तेव्हा ती आमची इथली शेवटची भेट आहे हे दोघांनाही माहीत होतं. थोरल्याच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, “मले बी बंद करून चालू करनार हायेत वं माय. काळीज थांबवतात म्हने, काम करतात, आन् परत चालू करतात.”

मी हसवायचा प्रयत्न केला. “सर, आधी धाकट्यावर करून बघायला सांगा.”

“मले धाकटा नाई ना,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच किल्ली टेबलावर ठेवून गेले.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या ग्रुपवर त्यांच्या जावयाचा निरोप आला, ‘झालं.’ लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कोणी पेढे आणायला निघालं. मला मात्र त्या एका शब्दानं धडकीच भरली. काय झालं? कुठवर झालं? उठले का? मी फोन केला तर लागेना. रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी थोरल्यासमोर बसले होते, कामात लक्ष नव्हतं. गजानन दोनदा दारात येऊन माझा चेहरा बघून गेला.

दुपारी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“वं माय, सर शुद्धीवर आले. सिस्टरनं नाव इचारलं, तं पुरं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, गाव बी सांगितलं. म्या म्हटलं, आता तरी झालं म्हनू काय? तं मान हालवून नाई म्हनतात. घरी जाऊ दे म्हने, मंग म्हन.”

“मग नकाच म्हणू, काकू,” मी म्हटलं. “घरी येऊ द्या.”

फोन ठेवला, दोन्ही हात काखेत घातले आणि त्या थंड खोलीत मी पोटभर रडले.