बंदरातलं जहाज आणि माझा रिपोर्ट

२००३ साली, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट पसरला होता. १८९८च्या अमेरिका-स्पेन युद्धाची कारणं. क्युबातला स्पेनविरुद्धचा उठाव, भडक बातम्या छापणारी वर्तमानपत्रं, असे तुकडे तिने कापून ठेवले होते. मधोमध हवानाच्या बंदरात स्फोट होऊन बुडालेली अमेरिकेची युद्धनौका.

“आई, स्पेनने केलं, हाऊ डिड दे नो?”

“चौकशी झाली ना. बाहेरून सुरुंग फुटला असं निघालं. कुणाचा ते नाही लिहिलं, पण लोकांनी ठरवून टाकलं.”

“चौकशी कोणी केली?”

“अमेरिकेच्याच नौदलाने.”

“ज्यांची शिप, त्यांनीच?” ती हसली. मला हसू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातली सिस्टिम दिवसभर बंद पडली होती. कारण शोधून रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. टीममधल्या नागपूरच्या एका मुलाने आदल्या दिवशी कोडमध्ये बदल केला होता. तो रोज माझ्या गाडीतून यायचा, मला ताई म्हणायचा. मी तारखा जुळवल्या आणि त्या बदलाकडे बोट दाखवून मोकळी झाले. त्याचं नाव लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. माणसं काढायचेच दिवस होते ते. आठवड्यात त्याची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर व्हिसाही. निघताना तो राइस कुकर घेऊन आमच्या दारात आला. म्हणाला, “ताई, हा तुमच्याकडे राहू द्या, नवाच आहे.”

महिन्याभराने खरी चूक सापडली. माझ्याच जुन्या कोडमध्ये होती. मी ती गुपचूप दुरुस्त केली, रिपोर्टला हात लावला नाही. माझाही व्हिसा नोकरीवरच टिकून होता, आणि मी भित्री आहे. तेव्हापासून कुकरचं बटण खट्कन वर आलं की मला तो दारात उभा दिसतो.

“आई, लिसन!” लेक पुस्तकातून वाचत होती. पुढे कितीतरी वर्षांनी तज्ज्ञांनी पुन्हा तपासलं, तर स्फोट बहुधा जहाजाच्या आतच झाला असावा. कोळशाला आग लागली असेल, आणि दारूगोळा शेजारीच.

“मग स्पेनला सॉरी म्हणाले?”

“तोवर युद्ध कधीच संपलं होतं गं.”

“सो? सांगायला काय झालं?”

“चिकटव ते लवकर. जेवायचंय!” मी उगाचच खेकसले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बटण वर आलं. मी भात वाढायला घेतला. ताट पुढे करत ती म्हणाली, “हा त्या काकांचा कुकर ना? ते इंडियाला परत का गेले?”

“त्यांना घरची आठवण येत होती,” मी म्हणाले.