समशेरचा फोटो

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत लग्नाला जावं आणि मुकुंदरावांना चुकवून जेवून दाखवावं. शेजारच्या पाटावर नवा माणूस दिसला रे दिसला की भात कालवायच्या आधीच मुकुंदराव विचारणार, "लहानपणी शूर समशेरच्या गोष्टी वाचल्या होत्या का?" तो हो म्हणाला तर लगेच, "तो समशेर म्हणजे मी." नाही म्हणाला तर मठ्ठा येईपर्यंत एक अख्खी गोष्ट, आणि मग, "तो समशेर म्हणजे मी." वीज खात्यात नोकरीला असताना साहेब याच्यावरून कितीदा रागावले, पण निवृत्तीच्या निरोप समारंभातसुद्धा त्यांनी हेच सांगितलं. खात्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं.

त्या गोष्टी लिहिल्या होत्या त्यांच्या आत्याने, शांताताईंनी. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात त्या वर्षानुवर्षं छापून येत. समशेर नावाचा मुलगा, हातात तलवार, आणि वाटेत कवटीकडा, भुताळी खोरी, पाताळनदी असली ठिकाणं. सगळ्यांत गाजली ती राक्षसवेल. झाडावरून लोंबत राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय धरायची. आत्या मुकुंदरावांच्याच घरी, हरिशंकरपुरमात राहत असे. नव्वदीला टेकली होती, पण कान शाबूत होते आणि जीभ त्याहून. भाचा समशेरची फुशारकी मारू लागला की ती मुकाट्याने पान लावत बसे. तिने कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाहीही म्हटलं नाही. मुकुंदरावांनी त्याचा अर्थ हो असा धरला होता.

आणि आता पुण्याहून हर्षिता नावाची मुलगी येणार होती. गोष्टींतल्या जागा आणि झाडं खरी कुठली, यावर ती पुस्तक करत होती. त्यात समशेरच्या मुलखाचं एक प्रकरण आणि त्या प्रकरणात मुकुंदरावांचा फोटो, खाली 'हाच तो शूर समशेर'. निदान मुकुंदरावांनी तसं ठरवलं होतं. लग्नाच्या पंगतीत माणूस किती जणांना सांगणार? पुस्तकात छापून आलं की कायमचं काम झालं. त्यांनी मिशीला कलप लावला आणि भिंतीवरची खापरपणजोबांची तलवार लिंबू-राखेने घासून काढली. एरवी हा मान तिला फक्त दसऱ्याला मिळे.

"मिशी काळी झाली," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "पोटाचं काय करणार?" राजलक्ष्मीबाई म्हणजे मुकुंदरावांच्या पत्नी. समशेरशी संसार केल्यामुळे त्यांना शौर्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं.

हर्षिता आली, आत्याच्या पाया पडली आणि मंडळी निघाली. तलवार चादरीत गुंडाळलेली होती, तरी मूठ बाहेर डोकावत होती. ऑटोवाला आरशातून रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होता.

फूलबागेजवळ उतरून मुकुंदरावांनी किल्ल्याच्या कड्याकडे बोट केलं. "हा कवटीकडा. लहानपणी मी बिना रस्सीचा चढून गेलो होतो, बिल्कुल वरपर्यंत."

"गच्चीत कपडे वाळत घालायला सांगितलं तर यांना चक्कर येते," राजलक्ष्मीबाई हर्षिताला म्हणाल्या.

पाताळनदी म्हणजे नाला निघाला. त्याचे काठ आता सिमेंटचे झाले होते. गोष्टीत या नदीकाठी समशेरचा श्वास कोंडतो. हर्षिताला ते वर्णन तंतोतंत पटलं आणि तिने नाकाला ओढणी लावली. भुताळी खोरी म्हणजे मुरेन्याच्या वाटेवरचे बीहड, मातीच्या खोल घळी, आणि तिथले डाकू आपल्याला नावानिशी ओळखत, असंही मुकुंदरावांनी सांगून टाकलं. आत्या ऑटोत बसून सगळं ऐकत होती. तिने फक्त सुपारीचा तुकडा या गालातून त्या गालात नेला.

शेवटी राहिली राक्षसवेल. शहराच्या लष्कर भागातलं त्यांचं जुनं घर केव्हाच विकलं गेलं होतं आणि तिथे दौलतसिंहाचं मिठाईचं दुकान झालं होतं. पण परसातला कडुनिंब त्याने ठेवला होता आणि कडुनिंबावरची गुळवेलही. तिथे जायचं तर भटारखान्यातून जावं लागे. मुकुंदराव चादर सोडून, तलवार हातात घेऊन आत शिरले आणि इमरती तळणाऱ्या कारागिराच्या हातून झारा पडला.

"अरे बाबूजी, उधारी का मामला है क्या?" दौलतसिंह गल्ल्यावरून धावत आला. फोटोचं समजल्यावर त्याने हुश्श केलं आणि आत्याला बसायला तुपाचा रिकामा डबा पालथा घालून दिला.

वेल मात्र जरा रोडावलेली होती. करोनाच्या दिवसांत सगळं लष्कर गिलोयचा, म्हणजे गुळवेलीचा काढा पीत होतं आणि ज्याला त्याला हीच वेल सापडली होती. गोष्टीत जी माणसांना धरायची, तिला माणसांनीच उकळून पिऊन टाकलं होतं. तरी फांद्यांवरून तिच्या लांबलचक दोऱ्या अजून खाली लोंबत होत्या, आणि त्यांतली एक आत शिरताच राजलक्ष्मीबाईंच्या चपलेत अडकली.

मुकुंदरावांनी पोट आत ओढलं, तलवार वेलीवर उगारली आणि श्वास रोखून म्हणाले, "घे!"

हर्षिताने मोबाइल वर केला आणि खाली आणला. "आजी, एक विचारू? लहानपणापासून मला कळलेलं नाही. समशेरच्या हातात तलवार आहे, वेलीने त्याचा पाय धरलाय, मग तो तिला कापत का नाही? तिच्यापाशी खाली का बसतो?"

"मुकुंदा, ती तलवार आधी खाली ठेव, कुणाला लागेल," आत्या म्हणाली. मग हर्षिताकडे वळली. "कापवलं नाही गं. समशेर म्हणजे मी. दुसरं कोण असणार?"

मुकुंदरावांचं रोखलेलं पोट एकदम सुटलं.

"उज्जैनच्या शाळेत मला नोकरी लागली होती. ट्रंक टांग्यात चढली होती. याची आई जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. इथेच, या झाडाखाली, यानं माझा पाय धरला. दादाने ओढून पाहिलं. शेजारणीने जिलबी दाखवली, तर यानं एका हाताने जिलबी खाल्ली आणि दुसऱ्या हाताने पाय धरूनच ठेवला. टांगेवाला म्हणे, बहनजी, गाडी छूट जाएगी. मग मी खाली बसले. गाडी गेली."

इमरतीवाल्याला मराठी अर्धवटच कळत होतं, पण मुद्दा त्याला बरोबर कळला. "मतलब, बाबूजी बेल हैं?" त्याने वेलीकडे बोट करून दौलतसिंहाला हळूच विचारलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मुकुंदरावांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. आपण लहानपणी त्या वेलीचा किती राग राग करत होतो, नायकाच्या पायात कडमडणारी फालतू चीज म्हणून, हे त्यांना आठवलं. इतक्या पंगती, इतके मठ्ठ्याचे पेले! "मग तू कधी बोलली का नाहीस, आत्या?"

"तू एवढा खूश होऊन सांगायचास. आणि तुझं सांगून होईपर्यंत माझं पानही लावून व्हायचं."

"पण आजी," हर्षिता म्हणाली, "आम्हा मुलांची लाडकी तर वेलच होती! पुढच्या सगळ्या गोष्टींत ती समशेरच्या कमरेला गुंडाळून घोड्यावरून जाते. चोरांना तीच बांधते. समशेर नुसताच ओरडतो."

"तिला ठेवणार कुठे? बरोबर न्यावीच लागली. मला जिथे जिथे जायचं होतं, तिथे दोघांना धाडलं. बीहड मी एकदाच पाहिलेत, बसमधून, तेही अर्धवट झोपेत."

मुकुंदरावांना रडू येत होतं आणि कलप ओघळेल अशी भीतीही वाटत होती. "उज्जैनचं वाईट वाटलं का गं तुला?"

"वाटलं. पुष्कळ दिवस वाटलं." आत्याने तुपाच्या डब्यावरून पदर सारखा केला. "मग तू शाळेत जायला लागलास आणि मला लिहायला दुपार मिळायला लागली."

राजलक्ष्मीबाईंना टोमणा सुचला होता. तो त्यांनी गिळला, आणि त्यांच्या संसारात असं क्वचितच घडलं होतं.

मुकुंदरावांनी तलवार कडुनिंबाला टेकवून ठेवली. ते वेलीपाशी गेले आणि तिच्या लोंबत्या दोऱ्या खांद्यावर घेऊन, पोट आहे तसंच ठेवून उभे राहिले. "घे फोटो. पण खाली नाव बरोबर टाक. राक्षसवेल. कंसात मुकुंदराव."

फोटो झाला. दौलतसिंहाने तिळाच्या गजकचं पाकीट दिलं आणि पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या बाहेर पायऱ्या होत्या आणि खाली ऑटो उभा होता. मुकुंदरावांनी आत्याचा दंड धरला आणि एकेक पायरी उतरवत तिला ऑटोत बसवलं. मग स्वतः तिच्या शेजारी बसले, तलवार राजलक्ष्मीबाईंच्या मांडीवर ठेवली.

ऑटो सुरू झाला.

"बसले ना मी आता," आत्या म्हणाली. "सोड की दंड."

मुकुंदरावांनी एका हाताने गजक खाल्लं. दुसरा हात तसाच ठेवला.