मिश्रीवाली

पिंपळवंडीच्या रस्त्याला माझं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. हातगाडीवर द्राक्षं विकून मी ते उभं केलं, कुणाच्या बापाच्या जिवावर नाही. तिथं माझ्यावर कुणी कुरघोडी केलेली मला खपत नाही. ती एका बाईनं केली.

ती वर डोंगरातल्या तळेघरची. भातकापणी उरकली की तिकडच्या तीसेक बाया घेऊन खाली यायची, हंगामभर आमच्याच शेडमध्ये राहायची. घडातले खराब मणी छाटण्यात तिच्या हाताला तोड नव्हती. त्या वर्षी कंटेनर दारात उभा असताना तिनं सगळ्यांसाठी दुपारची अर्धा तास सुट्टी मागितली. मी नाही म्हटलं. तिनं कात्री खाली ठेवली, मागोमाग सगळ्यांनी ठेवल्या. सुट्टी द्यावी लागली. घासाघिशीत मी हरत नाही. त्या दिवशी हरलो, तेही हमालांसमोर.

पुढं परदेशी खरेदीदाराचा तपासनीस येणार होता. त्याला नशेबाबतचे नियम लेखी हवे होते. कॉम्प्युटरवाल्याकडून दोन पानं छापून आणली आणि बायांचे अंगठे घेतले. पहिल्या पानावर दारू, गांजा, तंबाखू, सगळं बंद. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आमच्याकडच्या बाया सकाळी ती दाताला लावतात, तिला कुणी नशा म्हणत नाही. पण श्रावणात हिची मुलगी गेली आणि तेव्हापासून हिची डबी दिवसभर उघडीच असायची. मला ते माहीत होतं. मी संधीच शोधत होतो.

तपासणीच्या आदल्या सकाळी सगळ्यांसमोर तिला चूळ भरायला लावली. पाणी काळपट पडलं.

"आजपासून तुझं काम बंद."

"शेठ, जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई. मिश्री लावली का घडीभर गप बसतो. पोरगी डोळ्यांपुढनं हालत न्हाई."

"मग घरी बसून बघ तिच्याकडं."

शब्द असेच होते. मी मागं घेतले नाहीत.

ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "आन तुमच्या दाढंखाली काय हाय, शेठ? वेलची?"

बाया हसल्या. माझं डोकं फिरलं. तिचं बोचकं मी स्वतः फाटकाबाहेर फेकलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीसानं हजेरीतलं खोडलेलं नाव बरोबर हेरलं. म्हणाला, "तुमच्याच दुसऱ्या पानावर लिहिलंय, व्यसन असेल त्या कामगाराला आधी उपचार द्यायचे, काढायचं नाही."

दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. पण अडखळलो नाही. "उपचारालाच पाठवलीय, साहेब. मन थाऱ्यावर नव्हतं बिचारीचं."

"फोन लावा. स्पीकरवर."

लावला. "मावशी, तपासणीचे साहेब समोर बसलेत. उपचार कसे चाललेत?"

पलीकडं कुठंतरी कोंबडी ओरडली. मग ती म्हणाली, "लई चांगले, शेठ. तुमीच म्हनला व्हता ना, सोमवारी कामाला ये म्हून? त्ये बी सांगा सायबाला."

साहेब खूश. त्यानं 'सोमवार' लिहून घेतलं. मला मान डोलवावी लागली. डोंगरात बसून तिनं मला दुसऱ्यांदा कोंडीत धरलं होतं.

आम्ही पास झाल्याचं पत्र शनिवारी आलं. सोमवारी पहिल्या गाडीनं ती आली, दात घासून स्वच्छ करून. मी फाटकातच अडवली.

"सायबापुढं तुमची लाज राखली मी."

"लाज माझी नाही, काम तुझं राखत होतीस. तो सौदा होता. माझ्याकडून लिहून घ्यायचास."

"मला लिवता-वाचता येत न्हाई, शेठ."

"ते मला माहीत आहे."

तळेघरकडं जायची गाडी थेट संध्याकाळी होती. तोवर ती समोरच्या बाभळीखाली बसून राहिली. आतल्या बायांचे हात मंदावले, सारख्या तिकडं बघायला लागल्या. तेव्हा मी उठून त्या बाजूचं शटर खाली ओढलं.