टीव्हीकडे पाठ करून उभी राहणारी बाई

टीव्ही दुरुस्त करायला आलेली बाई टीव्हीकडे चक्क पाठ करून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या माणसाला बोलावलं. खांद्याला पिशवी, हातात पक्कड, पदर कमरेला खोचलेला आणि तोंड खिडकीकडे. मागे पडद्यावर नुसते चौकोन नाचत होते. मी म्हटलं, "अहो, टीव्ही इकडे आहे."

"म्हाईत हाय म्याडम. चित्राकडं बगितला की मानूस फसतंय. जरा आवाज आयकू द्या."

आवाज ऐकून झाल्यावर त्यांनी सेट-टॉप बॉक्सच्या मागची पिन घट्ट केली आणि चित्र आलं. ही सुगंधाताईंची आणि माझी पहिली भेट. त्यांचं निदान दर वेळी बरोबर निघायचं असं मुळीच नाही. एकदा त्यांनी कान लावून छातीठोकपणे सांगितलं, पिन ढिली आहे. निघाली उंदराने कुरतडलेली वायर. मी हसले, तर माझ्याकडेच रागाने बघून म्हणाल्या, "उंदीर असा गपचूप खातंय होय? त्याचा बी आवाज यायला पायजे होता." चूक उंदराची होती, त्यांची नव्हती. हा आत्मविश्वास मला शेवटपर्यंत पुरून उरला.

माझी सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरात, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात झाली. कंटेनर अडला की कुणाला झापायचं हे मला पक्कं ठाऊक. निवृत्तीनंतर उलव्याला राहायला आले तरी तो स्वभाव काही गेला नाही, आणि झापायला हाताशी केबलवाल्यांइतकं सोयीचं कुणी नसतं. पण सुगंधाताईंपुढे माझी डाळ कधी शिजली नाही. मी आवाज चढवला की त्या शांतपणे म्हणायच्या, "तुमी बोलून घ्या आदी. मग मी वायर बगते."

आमच्या सोसायटीमागे जे जुनं गाव आहे, तिथल्या त्या. केबलचा धंदा खरं तर त्यांच्या दिराचा. टॉवर उभे राहायला लागले तसा तो रेती-सिमेंट पुरवायच्या मागे लागला आणि केबल विकून टाकायची भाषा करू लागला. सुगंधाताई म्हणाल्या, मी बघते. सासऱ्यांनी विचारलं, बाईमाणूस खांबावर चढणार काय? "मी बोलले, लहानपनी मिठागरात डोक्यावर मीठ वायलाय. वायर काय त्याच्याहून जड हाय?" नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा, चार-चार दिवस घरी नसायचा. तो परत आला तेव्हा बायको खांबावर होती.

धंद्यात त्यांची एक रीत होती. कंपनीकडून नवीन काही आलं की ते पहिल्यांदा स्वतःच्या घरी लावायचं, महिनाभर वापरायचं आणि मगच गिऱ्हाइकाकडे न्यायचं. "माज्या घरी चालला तर तुमच्या घरी चालनार. माज्याच घरी बोंबलला तर तुमाला कशाला तरास?" दुसरे केबलवाले पत्रकं वाटत, या बाई स्वतःच्या घरचा अनुभव वाटत. रेकॉर्डिंगवाला बॉक्स माझ्याकडे आला तो असाच, त्यांच्या घरून पास होऊन.

तो लावायला त्यांनी अर्धी दुपार घेतली. मला रिमोट नीट पकडायला लावला आणि शाळेतल्या बाईंसारखी उजळणी घेतली. "ह्यो लाल बटन. दाबला की पकडला. आता सिरियल तुमची वाट बगनार, तुमी सिरियलची नाय." जाता जाता म्हणाल्या, "दर बुधवारी सांजच्याला आमचा च्यानल रेकॉर्ड व्हायला लावून ठेवलाय. टेस्टिंगला. पुडच्या आठवड्यात येऊन काढते."

'आमचा च्यानल' म्हणजे त्यांच्या गावचा लोकल चॅनल. गावात हळद असो, देवीचा पालखी-सोहळा असो, कंट्रोल रूममधून थेट घराघरांत. कंट्रोल रूम हे नाव मोठं. प्रत्यक्षात ती त्यांच्या घराची पुढची खोली होती. टेस्टिंग काढायला त्या अर्थातच आल्या नाहीत आणि माझ्या बॉक्सात दर आठवड्याला अनोळखी माणसांच्या हळदी साठत गेल्या. मी फोनवर कुरकुर केली, तर म्हणाल्या, "बगा की. तेवढीच ओलख होईल."

त्यातलीच एक हळद मात्र मी पुसली नाही. नऊवारी नेसलेली एक बारकीशी म्हातारी नवरीजवळ बसून गात होती. इथल्या आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून पुढचा प्रत्येक विधी गाण्याने होतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि गाणारीला धवलारीण. मी तळकोकणातली, मला यातलं काही माहीत नव्हतं, पण त्या आवाजाने मी इस्त्री करता करता थांबले. पुढे कितीतरी दुपारी मी तेच लावून इस्त्री केली. एकदा सुगंधाताईंना विचारलं, ही कोण? त्या अशा हसल्या की मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असावं. "माजी आय. बारकीआय. गावातली सगली लग्ना तिनीच लावलीत. माजा बी."

पुढच्या वर्षी बारकीआयला अर्धांगवायू झाला आणि सुगंधाताईंनी तिला गावातल्याच माहेरून आपल्या घरी आणलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बोलायला जायची, पण शब्द म्हणून एक उमटायचा नाही. येणारेजाणारे तिच्यादेखतच म्हणायचे की आता हिला काही कळत नाही. सुगंधाताई अशांना सरळ दार दाखवायच्या. मला म्हणाल्या होत्या, "चित्र गेलाय, आवाज गेलाय. पर डब्याची लाइट चालू हाय म्याडम. मना दिसते ना."

त्यातच कंपनीने जुने बॉक्स बंद करायचं जाहीर केलं. सगळ्यांना नवे बॉक्स, मागे पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग. सुगंधाताईंनी गावात आणि सोसायटीत धडाक्याने बदलाबदल सुरू केली. एक मी तेवढी अडून बसले. जुना रिमोट आत्ता कुठे अंगवळणी पडला होता, आता पुन्हा पहिलीपासून शिकायला मी काही तयार नव्हते. त्या तीनदा आल्या, मी तीनदा चहा पाजून परत पाठवलं. चौथ्यांदा आल्या त्या नवा बॉक्स काखेत मारूनच. जुना सिग्नल त्या रविवारी बंद होणार होता.

पण त्या दिवशी त्यांचं नेहमीचं चालू नव्हतं. टीव्हीकडे पाठ केली नाही, मला टोमणा मारला नाही, गुपचूप बॉक्समागे हात घातला. मी विचारलं, "काय झालं?"

"निकिताचा लगीन ठरला," त्या म्हणाल्या. निकिता त्यांची एकुलती एक मुलगी.

"मग तोंड असं का?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. बारकीआयच्या नातीची हळद धवल्याशिवाय कशी लागणार? गावात दुसऱ्या कुणाला धवले पूर्ण येत नव्हते. बायका मागून तीच ओळ ओढायच्या, पण पुढची ओळ आईकडूनच यायची. लोक म्हणत होते, शेजारच्या गावातली धवलारीण आणा. "तिच्या धवल्यात तिच्या गावचे देव, तिच्या गावची शेता. आमच्या शेतांची नावा कोन घेनार? त्या शेतांवर आता विमानतल होतंय म्याडम. ती नावा आता फकस्त आयच्या गान्यात होती." बायकांनी शिकून घ्यावेत म्हणून आईचं रेकॉर्डिंग त्यांनी घरच्या बॉक्सात जपून ठेवलेलं होतं. पण नवा बॉक्स आला आणि रीतीप्रमाणे पहिला स्वतःच्याच घरी लागला. जुना कंपनीला परत गेला, आईसकट. कॅमेरावाल्याकडे विचारलं, तर त्याच्या कार्डावर कधीच दुसऱ्या हळदी चढल्या होत्या.

"सगल्यांना बोंबलून सांगते, जुना डबा द्यायच्या आदी बगून घ्या," त्या म्हणाल्या. "आनि माज्याच घरी मी बगितला नाय." एवढं बोलून त्यांनी वायर पकडली.

"थांबा!" मी ओरडलेच. "वायर काढू नका. तुमचं टेस्टिंग आहे त्यात."

त्यांना क्षणभर कळलंच नाही; मी ते सगळं कधीच पुसलं असेल असं त्या धरून चालल्या होत्या. मी रिमोट घेतला आणि लावलं. बारकीआयचा आवाज खोलीत आला, तशा सुगंधाताई खाली फरशीवरच बसल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी पदर तोंडाला लावून ते मला फारसं दिसू दिलं नाही. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत.

पण अडचण होतीच. रेकॉर्डिंग त्या बॉक्समध्येच कुलूपबंद असतं. काढून दुसरीकडे ठेवता येत नाही आणि रविवारी बॉक्स मेला की तेही गेलं. सुगंधाताईंनी बॉक्स उलटा करून मागची भोकं तपासली आणि त्यांचा जुना सूर परत आला. "काढता येत नाय, पर दाखवता तर येतंय ना? टीव्हीला दाखवतंय तसा माज्या मशिनीला दाखवंल." त्यांनी तो बॉक्स माझ्याच टॉवेलात गुंडाळला आणि लहान मुलासारखा पोटाशी धरून नेला.

शनिवारी संध्याकाळी लोकल चॅनलवर बारकीआय पुन्हा गायली. माझा जुना बॉक्स लाल, पिवळ्या, पांढऱ्या वायरींनी कंट्रोल रूमच्या मशीनला जोडलेला होता आणि तिथून आवाज घराघरांत जात होता. आधी सुगंधाताईंनी गावात दारोदार फिरून बजावलं होतं, "लाल बटन दाबून बसा. ज्याच्या घरी पकडला नाय त्याची केबल कापनार." माझ्याकडे नवा बॉक्स त्याच दुपारी लावला होता. मीही हुकमाप्रमाणे लाल बटण दाबून बसले.

त्यानंतर लग्नापर्यंत गावात शाळाच भरली. दुपारी बायका सुगंधाताईंच्या टीव्हीपुढे जमायच्या. एक ओळ ऐकायची, थांबवायची, म्हणायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. बारकीआय कोपऱ्यात खाटेवर पडून बघत असायची. मीही दोनचारदा जाऊन बसले. माझ्या गळ्याला कुणी फारसं विचारलं नाही. सगळं गळ्यात बसलं, फक्त एक जागा सोडून. जिथे शेतांची नावं सुरू होतात नेमकं तिथेच बँडवाल्यांनी ताशा बडवला होता आणि दोन ओळी बुडाल्या होत्या. सुगंधाताई पाठ करून ऐकायच्या, स्पीकरला कान चिकटवून ऐकायच्या, पण हाती काही लागलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तेवडा सोडून पुडं जायचा. आय माफ करंल."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात निकिता पाटावर बसली. हळद लोकल चॅनलवर लागणार होती, म्हणून मी घरी लाल बटण दाबूनच आले होते. बारकीआयला खुर्चीत आणून शेजारी बसवलं होतं. धवलारणीच्या जागी सुगंधाताई. आवाज आईसारखा गोड नव्हता, जरा करडाच होता, पण हाताने खांब घट्ट धरावा तसा सूर धरला होता. बायका मागून ओढत होत्या. बुडालेल्या ओळी आल्या, तशा ठरल्याप्रमाणे त्या थांबल्या, पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला.

आणि बुडालेली ओळ आली. खुर्चीतून. वाकड्या झालेल्या तोंडातून, घोगऱ्या आवाजात, पण शब्द न् शब्द स्पष्ट. जिला पाणी मागता येत नव्हतं ती बारकीआय शेतांची नावं घेत होती. एकेक नाव, एकेक बांध. दोन ओळी गाऊन ती थांबली आणि लेकीकडे बघितलं, आता तू गा अशा अर्थाने. सुगंधाताईंनी डोळेही न पुसता पुढची ओळ उचलली. नंतर डॉक्टरांकडून कळलं, असं होतं म्हणे. बोलणं जातं पण गाणं कधीकधी राहतं. मला त्या वेळी कारण नको होतं.

बारकीआय त्याच पावसाळ्यात गेली. पुढे लोकांनी मोबाइलवरच सगळं बघायला सुरुवात केली आणि सुगंधाताईंनी आपली केबलची लाइन एका मोठ्या कंपनीला देऊन टाकली. मी हळहळले, तर मलाच म्हणाल्या, "टेन्शन नका घेऊ. मना आता टाइम कुटं हाय?" खरंच नव्हता. उलव्यापासून द्रोणागिरीपर्यंत विखुरलेल्या त्यांच्या गावकीतून हळदीला धवले गायची बोलावणी यायची, केबलच्याच जुन्या नंबरवर. त्या त्यांनाही कंप्लेंटच म्हणायच्या.

धंदा सोडल्यावर एका दुपारी त्या केबलवाली म्हणून निरोप घ्यायला आल्या. पक्कड नव्हती, पिशवी मात्र होती. चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाल्या, "जरा टेस्टिंग करायचाय. निकिताची हलद लावा."

"तुमच्या घरी आहे की."

"घरी लावला की सगली रडाय लागतात. आवाज नीट आयकू येत नाय."

मी लावलं. त्या उठल्या, टीव्हीकडे पाठ केली आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागून आधी त्यांचा करडा आवाज आला, मग तो थांबला आणि बारकीआयने शेतांची नावं घेतली. खिडकीबाहेर आता सगळ्या इमारतीच आहेत. त्या दोन ओळी संपेपर्यंत सुगंधाताई जागच्या हलल्या नाहीत.

मी विचारलं, "कसं आहे?"

"क्लिअर हाय," त्या म्हणाल्या. पण वळल्या नाहीत. तशाच खिडकीकडे बघत म्हणाल्या, "परत एकदा लावा."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं.