बाबांचं पाणी मी तोडलं

लिम्फोमा या कॅन्सरची पहिली इंजेक्शनं घेऊन बाबांना आम्ही औंढ्याला घरी आणलं, तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती. शहाळी आणली होती, सब्जा भिजत घातला होता.

"औषध गरम पडतं. पाणी पाजत ऱ्हावा. जितकं लघवीवाटं जाईल तितकं बरं."

मलाही ते पटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांना दोन घोट पाजूनच उठायचा.

"सदाफुलीपासून काढल्यालं औषध हाय म्हणं," शेजारचे आबा म्हणाले. "मळवलीच्या बंगल्यात जलमभर सदाफुलीला पाणी घातलंस. आता तिला फेडू दे की!"

बाबा हसले.

आठवडा सरता सरता त्यांना मळमळायला लागलं. मग ते बरळू लागले. मला बंगल्यावरची पाहुणी समजून म्हणाले, "मॅडम, टाकी भरली, मोटर बंद करतो." सकाळी आकडीचा झटका आला, तसं त्यांना परत हॉस्पिटलात नेलं.

रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शनांत विन्क्रिस्टीन होतं. त्याने कधी कधी शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक जास्त सुटतं. मग लघवी कमी होते, रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते. पाणी किती देत होता?"

"लय," आत्या अभिमानाने म्हणाली. "कमी पडूच दिलं न्हाई."

मी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. पेशीत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि संप्रेरकाच्या पिशव्या त्या नळ्यांवरून पुढे सरकतात, एवढं मला येत होतं. हे औषध त्याच नळ्या मोडतं, म्हणून कॅन्सरच्या पेशींना दुभागता येत नाही. मग नळ्या मोडल्यावर संप्रेरक आतच अडकायला हवं होतं. भीत भीत मी डॉक्टरांना तसं विचारलं.

"प्रयोगशाळेत बऱ्याचदा तसंच दिसतं," ते म्हणाले. "माणसात मात्र उलटं होऊ शकतं. संप्रेरकाला आवर घालणाऱ्या नसांनाच मार बसत असावा. नक्की कुणालाच सांगता येत नाही. सध्या पाणी तोडा."

दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून त्यांनी माझ्याकडे दिलं.

माझ्या आजोबांना लोक भांड्याला शिवू द्यायचे नाहीत, त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. म्हणून आमच्या घरात पाण्याला कुणालाही नाही म्हणायचं नाही, हे बाबांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. भांडायला आलेल्या माणसालाही ते आधी पाणी विचारत.

"पोरी, घोटभर दे."

"बाबा, संध्याकाळचं राखून ठेवलंय."

मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. त्यांनी कापूस दातांत धरला आणि चोखू लागले. मला तो ओढून काढावा लागला.

"कॉलेजात जाऊन ह्येच शिकलीस व्हय?" आत्या ओरडली. "बापाला पाण्यासाठी तरसवतीस?"

"आत्या, पाण्यानंच झटका आला त्यांना."

"पाण्यानं कुनी मरतंय का गं?"

"मरतं," मी म्हणाले.

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. आत्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बरोबर होते का, हे तेव्हा मला खात्रीने सांगता आलं नसतं. डॉक्टरांनाही ज्याचं कारण नक्की सांगता येत नाही, त्यासाठी मी बापाला तहानलेलं ठेवत होते, असंही वाटून गेलं.

सोडियम हळूहळू वर आलं. बाबा माणसं ओळखू लागले. पुढच्या फेरीतून डॉक्टरांनी विन्क्रिस्टीन काढून टाकलं. त्याच्याशिवाय गाठी तेवढ्याच आटोक्यात राहतील का, यावर ते म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर पाण्याची बंदी उठली. मी ग्लास भरून बाबांपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं.

"पिऊ का?"

"प्या ना, बाबा. आता कितीही प्या."

त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेलं मला परत दिलं. अजूनही ते प्रत्येक वेळी विचारतात.