थोरलीचा कॉम्प्युटर

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर म्हणजे थोरलीचं राज्य. लग्न झाल्यापासून गिऱ्हाइकांचे अल्बम तीच जुळवत आली होती. मग धाकट्या दिराची बायको घरात आली. ती आधी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती, आणि सासूबाईंना कौतुकाला नवा विषय मिळाला. धाकटीने प्रिंटर चालू केला, धाकटीने फोन नीट केला. काल आलेली पोर आपल्या डोक्यावर मिऱ्या वाटणार, हे थोरलीला कळून चुकलं.

कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, तेव्हा धाकटी नवी रॅम घेऊन आली. थोरलीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

धाकटीने आधी सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवले, त्यातले दोन-चार उघडून पाहिले. मग कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला आणि चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं.

"बंद मशीनचं बटण कशाला दाबतेस?" थोरलीने तिरकसपणे विचारलं.

"आत उरलेला करंट निघून जातो, ताई. प्लग राहिला तर मशीन बंद असूनही बोर्डात करंट असतो. तशात रॅम बसवली तर बोर्डच जळायचा."

सासूबाई दारातून ऐकत होत्या. "बघ, किती बारकाईने करते," त्या म्हणाल्या आणि पुढे दुकानात गेल्या. इतक्या वर्षांत थोरलीने जुळवलेल्या एकाही अल्बमबद्दल त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

धाकटी स्क्रू ड्रायव्हर आणायला गेली. थोरली टेबलामागे वाकली आणि तिने प्लग परत लावून टाकला. जळू दे बोर्ड, एकदाची जिरू दे हिची, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटी परत आली. तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला आणि नवी रॅम उचलली. तिच्या बोटांकडे बघताना थोरलीच्या मनात आलं, बोर्डाबरोबर हिलाही झटका बसला तर?

"थांब. प्लग लावलाय."

"मी तर काढला होता."

"मी लावला परत."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. तिने रॅम खाली ठेवली, प्लग काढला, बटण पुन्हा दाबून धरलं. मग बाजूला सरकत म्हणाली, "ताई, तुम्हीच बसवा. कडांना धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका."

थोरलीने रॅम खाचेत धरून दाबली. दोन्ही टोकांना बारीक 'टक' झालं आणि रॅम बसली.

कॉम्प्युटर झटक्यात सुरू झाला. सासूबाई आल्या आणि धाकटीच्या पाठीवर हात ठेवणार तोच ती म्हणाली, "मी नाही, ताईंनी बसवली."

"हो का? छान," असं म्हणून सासूबाई वळल्या.

थोरली खुर्चीत बसली आणि तिने अर्धवट राहिलेला अल्बम उघडला. फोटो पटापट येत होते. प्लगबद्दल धाकटी कुणाला काही सांगणार नाही, याची तिला खात्री होती, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त डाचत होती. मोठं मन दाखवायची संधीसुद्धा हिलाच मिळाली होती.