चाचांनी कापलेलं शीड

अन्याय माझ्यावर झाला. गेल्या शनिवारी, सकाळी साडेदहाला, पेणच्या रामवाडीत. ताडपत्री शिवणाऱ्या चाचांनी माझ्या कयाकचं शिवायला दिलेलं शीड अर्धं कापलं! खाडीतल्या भरावाविरुद्ध दुसऱ्या दिवशी आमचा होड्यांचा मोर्चा होता आणि शिडावर मी हातभर अक्षरांत ‘खाडी वाचवा’ रंगवलं होतं.

चाचा दोरा दातांत धरून बोलतात, त्यामुळे ते हसतायत की खेकसतायत, कळत नाही. त्यांनी मला दुकानातच पाय लांब करून बसवलं, हातात वल्हं दिलं आणि शीड पुढ्यात उभं धरलं.

“पुढचा दिसताय?”

“नाय.”

“मग खडक तुला बघून बाजूला व्हईल काय, पुढारी?”

कातर चाललीच. “ही दडपशाही आहे!” मी ओरडलो. चाचा हूं म्हणाले आणि उरलेल्या कापडावर लाल दोऱ्याने ‘खाडी वाचवा’ शिवत बसले, बोटभर अक्षरांत.

रविवारी वारा असा सुटला की मोठ्या शिडाने मला नक्की उलटं केलं असतं. हे चाचांना सांगू नका.

घोषणा मात्र आता काठावरून वाचता येत नाही. तेव्हा काठावरून टाळ्या पुरे. येत्या रविवारी पुन्हा मोर्चा आहे, होडी घेऊन पाण्यात उतरा आणि जवळ येऊन वाचा.